कांदा भजी

कांदा भजी हा चिरलेला कांदा आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ म्हणजेच बेसन एकत्र करून तेलात तळलेला महाराष्ट्रीय खाद्यपदार्थ आहे. तो घरोघरी, उपाहारगृहांत आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर केला जातो. तो गरम असतानाच चटणी, तळलेली हिरवी मिरची किंवा पावाबरोबर खातात. पावसाळ्याशी या पदार्थाचे नाते विशेष घट्ट असून सिंहगड, लोणावळा, माळशेज घाट अशा वर्षासहलींच्या ठिकाणी तो हमखास मिळतो.

कांदा भजीचे दोन मुख्य प्रकार आहेत. कांद्याच्या उभ्या पाकळ्या जेमतेम पिठात माखून विस्कळीत तळल्या की त्यांना खेकडा भजी म्हणतात. बारीक चिरलेला कांदा सैलसर पिठात कालवून त्याचे गोळे सोडले की गोल भजी होतात. पहिला प्रकार कुरकुरीत असतो, तर दुसरा आतून मऊ व जाळीदार. दोन्हींचे जिन्नस जवळपास सारखेच आहेत. फरक पडतो तो पाण्यामुळे. पिठात वरून पाणी घालायचे की कांद्याच्या अंगच्या पाण्यातच पीठ भिजवायचे, यावर भजीचा पोत ठरतो.

नाव

‘भजे’ हा मराठीत नपुंसकलिंगी शब्द असून ‘भजी’ हे त्याचे अनेकवचन आहे. बोलण्यात ‘भजं’ असेही म्हणतात. मात्र एकच भजे खाऊन कोणी थांबत नसल्याने व्यवहारात अनेकवचनच अधिक ऐकू येते. हा शब्द भाजणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी संबंधित आहे. गुजराती व हिंदीतील ‘भजिया’ आणि कन्नडमधील ‘बज्जी’ ही त्याचीच भावंडे होत. उत्तर भारतात याच जातीच्या पदार्थांना ‘पकोडा’ म्हणतात. मराठीत ‘भाजी’ आणि ‘भजी’ हे दोन वेगळे पदार्थ असले, तरी ब्रिटनमधील उपाहारगृहांत कांदा भजीचा उच्चार ‘भाजी’ असाच रूढ झाला आहे.

‘खेकडा भजी’ या नावाचा खेकड्याच्या मांसाशी काही संबंध नाही. तळताना कांद्याच्या पाकळ्या चहूबाजूंनी बाहेर येऊन खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले.

पार्श्वभूमी

डाळींचे वाटण किंवा पीठ तळून केलेले पदार्थ भारतात प्राचीन काळापासून आढळतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनातील अशा तळलेल्या पदार्थांची वर्णने आहेत. कांद्याला मात्र या परंपरेत उशिरा मान मिळाला. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘पलांडु’ या नावाने कांद्याचे गुणधर्म दिलेले असले, तरी मनुस्मृतीने द्विजांना तो निषिद्ध ठरवला. ७व्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्सांग याने येथे कांदा व लसूण फारसे खाल्ले जात नसल्याची नोंद केली आहे.

आजच्या कांदा भजीतील मिरची १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्गाने आली. ती तळण्यासाठी महाराष्ट्रात सर्रास वापरले जाणारे शेंगदाण्याचे तेलही ज्या पिकापासून मिळते, ते भुईमुगाचे पीक मूळ दक्षिण अमेरिकेतील आहे. त्याआधी तीळ, करडई, जवस आणि किनारपट्टीवर खोबरे यांची तेले स्वयंपाकात होती. पदार्थाची कल्पना जुनी असली, तरी त्याची आजची चव तुलनेने अलीकडची आहे.

कांदेनवमी

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रात कांदेनवमी म्हणतात. दोन दिवसांनी येणाऱ्या आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि व्रतस्थ घरांत कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगी वर्ज्य असतात. त्यापूर्वी कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाऊन घेण्याचा हा दिवस असून त्या दिवशीच्या ताटात कांदा भजीला पहिले स्थान असते. झुणका, कांद्याची थालीपिठे, भरली वांगी हेही पदार्थ केले जातात. धर्मशास्त्राने सांगितलेला हा सण नव्हे. निषेधाच्या उंबरठ्यावर लोकांनी स्वतःसाठी काढलेली ही पळवाट आहे. चातुर्मास न पाळणाऱ्या अनेक घरांतही कांदेनवमी आवर्जून पाळली जाते.

या वर्ज्यतेमागे साठवणीचे कारणही सांगितले जाते. उन्हाळ्यात काढलेला कांदा पावसाळी दमट हवेत सडू लागतो व त्याला कोंब फुटतात.

कांद्याची निवड

महाराष्ट्र हे देशातील कांदा उत्पादनात अग्रेसर राज्य असून नाशिक जिल्ह्यातील लासलगाव ही कांद्याची अत्यंत मोठी बाजारपेठ आहे. राज्यात कांदा खरीप, रांगडा आणि रब्बी अशा तीन हंगामांत घेतला जातो. खरीप व रांगडा हंगामातील मालाला नाशिक भागात ‘लाल कांदा’, तर रब्बीतील मालाला ‘उन्हाळ कांदा’ म्हणतात. लाल कांदा रसरशीत असतो आणि टिकत नाही. त्यामुळे तो निघाला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा शेतात व सावलीत सुकवून हवा खेळती राहणाऱ्या कांदाचाळीत अनेक महिने ठेवता येतो.

भजीसाठी या फरकाला महत्त्व आहे. सुकलेल्या सालीचा, घट्ट पाकळ्यांचा उन्हाळ कांदा पाणी बेताने सोडतो आणि त्याची खेकडा भजी अधिक चांगली होतात. ताज्या लाल कांद्याला मीठ लावल्यावर अधिक पाणी सुटते, त्याला पीठ अधिक लागते आणि भज्यांत कांद्यापेक्षा बेसनाची चव पुढे येते. एकाच घरात, एकाच हाताने, त्याच मापाने केलेली भजी कधी कुरकुरीत व कधी मऊ होतात, त्याचे एक कारण पुष्कळदा कांद्याच्या हंगामात असते. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर व कमी तिखट असल्याने कच्चा खाण्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. भजीत त्याचा गोडवा उतरतो, पण तिखट लाल कांद्याचा खमंगपणा येत नाही. कोंब फुटलेला कांदा आतून पोकळ व मऊ झालेला असतो. तो भजीसाठी टाळावा असे मानले जाते.

कांद्याचे दर वारंवार कोसळतात आणि वारंवार भडकतात. दर वाढले की शहरी ग्राहकांची नाराजी सरकारला जाणवते, आणि ते रोखण्यासाठी निर्यातीवर बंधने आली की शेतकऱ्याला फटका बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठवण्यात आली. नाशिक भागात या निर्णयांविरुद्ध आंदोलने झाली व लिलाव बंद पडले. भजीच्या गाडीवर या चढउताराचे प्रतिबिंब साध्या रूपात दिसते. कांदा महागला की भज्यांत कोबीचे प्रमाण वाढते किंवा कांदा भजीची जागा बटाटा व मूग भजी घेतात.

पीठ व इतर जिन्नस

बेसन हरभऱ्याच्या डाळीपासून होते. त्यात प्रथिनांचे प्रमाण गव्हाच्या पिठापेक्षा जास्त असते, पण गव्हातील चिकट ग्लूटेन त्यात नसते. त्यामुळे बेसनाचे आवरण चिवट न होता ठिसूळ राहते. तळताना बेसनातील प्रथिने व कांद्यातील शर्करा यांची उष्णतेने अभिक्रिया होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. बेसन अतिशय बारीक असल्यास भजी गुळगुळीत होतात; किंचित रवाळ दळलेले पीठ खेकडा भजीसाठी पसंत केले जाते.

बेसनात थोडे तांदळाचे पीठ मिसळण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याने आवरण कडक होते. मात्र प्रमाण वाढल्यास भजी दाताला टणक लागतात, म्हणून वाटीभर बेसनाला दोन चमच्यांपेक्षा अधिक घालत नाहीत. ओवा चवीसाठी व पचनासाठी घालतात; त्याचा उग्र वास थायमॉल या द्रव्यामुळे येतो. ओवा तळहातावर चोळून घातल्यास वास अधिक खुलतो. हळद, हिंग, लाल तिखट, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर हे नेहमीचे जिन्नस आहेत. काही ठिकाणी भरडलेले धणे घालतात.

खाण्याच्या सोड्याबाबत मतभेद आहेत. गोल भजीत तो चिमूटभर घालतात. उष्णतेने त्यातून कर्बवायू सुटतो व भजी फुगून हलकी होतात. खेकडा भजीत त्याची गरज नसते. सोडा जास्त झाला तर भजी तेल पितात, लवकर काळवंडतात आणि जिभेला तुरट-साबणी चव जाणवते. सोडा व हळद एकत्र आल्यास अल्कधर्मी माध्यमात हळदीचा रंग तांबडा होतो. विकतच्या भज्यांवर कधीकधी दिसणारे लालसर ठिपके यामुळेही पडू शकतात.

कृती

पुढील प्रमाण खेकडा भजीचे असून चार जणांना पुरते. चार मध्यम कांदे (सुमारे ४०० ग्रॅम), एक सपाट चहाचा चमचा मीठ, एक ते सव्वा वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, चिमूटभर हिंग, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन आणि तळण्यासाठी तेल.

कांदे सोलून शेंडा व मूळ काढतात, प्रत्येकाचे दोन भाग करतात आणि मुळापासून शेंड्याकडे उभे, पातळ व शक्यतो सारख्या जाडीचे काप करतात. कांद्यातील तंतू याच दिशेने जात असल्याने उभ्या चिरण्याने पाकळ्या लांब राहतात व तुटत नाहीत. आडव्या चिरण्याने अधिक पेशी फुटतात, रस लवकर गळतो आणि डोळ्यांत पाणीही अधिक येते. धार बोथट असली तरी हेच होते. चिरलेल्या पाकळ्या बोटांनी एकमेकींपासून सुट्या करून घेणे आवश्यक असते. चिकटून राहिलेल्या पाकळ्यांच्या मध्ये पीठ पोहोचत नाही आणि भजे तिथे कच्चे राहते.

यानंतर कांद्याला मीठ चोळून तो १० ते १५ मिनिटे झाकून ठेवतात. या पदार्थातील ही निर्णायक पायरी असून घाईत नेमकी तीच गाळली जाते. कांद्याच्या वजनापैकी सुमारे ८९ टक्के पाणी असते. म्हणजे ४०० ग्रॅम कांद्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी दडलेले असते. मिठामुळे परासरणाने त्यातील काही पाणी पेशींतून बाहेर येते, पाकळ्या लवचीक होतात व भांड्याच्या तळाशी खारट रस जमतो. पिठाला भिजवण्यासाठी तेवढा रस पुरेसा असतो. मीठ पिठात घालून, न थांबता लगेच भिजवल्यास मिश्रण सुरुवातीला कोरडे वाटते, म्हणून त्यात पाणी घातले जाते. पाच मिनिटांनी कांद्याचे पाणीही सुटते आणि मिश्रण पातळ होते. मग ते दाट करण्यासाठी आणखी बेसन पडते. भजी मऊ व पिठूळ होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. उलट कांदा मीठ लावून तासभर ठेवला तर तो लिबलिबीत होतो आणि रस इतका सुटतो की पीठ वाढवावेच लागते. अशा वेळी कांदा हलका पिळून रस वाटीत काढून ठेवतात व लागेल तेवढाच परत घालतात. रस फेकून दिल्यास मीठही त्याच्याबरोबर जाते.

पाणी सुटलेल्या कांद्यात मसाले व कोथिंबीर मिसळून बेसन व तांदळाचे पीठ थोडे थोडे भुरभुरतात आणि हलक्या हाताने कालवतात. प्रत्येक पाकळीवर पिठाचा पातळ लेप बसला आणि मूठ दाबल्यावर मिश्रण जेमतेम एकत्र राहिले, की पीठ पुरे झाले. भांड्याच्या तळाशी वाहणारे पीठ राहता कामा नये. शेवटी मोहन घालून मिश्रण पुन्हा एकवार कालवतात. मिश्रण तयार झाल्यावर ते ठेवून देता येत नाही. म्हणून मोहन घालण्यापूर्वीच तेल तापत ठेवलेले असते.

तळणे

तेल मध्यम-कडक, सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. घरात तापमापक क्वचितच असतो. मिश्रणाचा छोटा कण तेलात टाकल्यावर तो आधी किंचित बुडून लगेच बुडबुड्यांसह वर आला तर तेल योग्य तापले आहे असे समजतात. कण तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे; टाकताक्षणी काळा पडला तर फार तापले आहे.

मिश्रण बोटांच्या चिमटीत उचलून विस्कटलेल्या अवस्थेत तेलात सोडतात. गोळा दाबून घट्ट केला तर बाहेरून रंग येतो पण आतला कांदा ओला राहतो, आणि तीच ओल नंतर बाहेर येऊन आवरण मऊ करते. एका वेळी कढईत तेलाचा पृष्ठभाग निम्म्याहून अधिक भरणार नाही इतकीच भजी सोडतात, कारण थंड व ओले मिश्रण पडताच तेलाचे तापमान उतरते. सोडल्यावर अर्धा मिनिट भजी हलवत नाहीत. नंतर झाऱ्याने उलटून मध्यम आचेवर एकूण चार-पाच मिनिटे तळतात.

तळणे म्हणजे मुळात पाणी काढून टाकणे होय. भजी तेलात पडताच पिठातील व कांद्यातील पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. ही वाफ जोरात बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरता येत नाही. तेल थंड असल्यास वाफेचा जोर कमी पडतो, आवरण उशिरा घट्ट होते आणि भजी तेलकट होतात. बुडबुडे कमी झाले व तळण्याचा आवाज मंदावला की पाणी बरेचसे निघून गेले असे समजावे. अनुभवी हात रंगापेक्षा या आवाजावर अधिक भरवसा ठेवतात, कारण तेल जास्त तापलेले असल्यास पाणी निघण्याआधीच रंग येतो.

भजी शोषतात त्या तेलाचा मोठा भाग तळताना नव्हे, तर कढईतून बाहेर काढल्यावर आत जातो. भजी थंड होऊ लागली की आतली वाफ निवते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून भजी झाऱ्यावर काही क्षण निथळून लगेच जाळीवर पसरणे उपयुक्त ठरते. ती ताटलीत एकावर एक रचली किंवा झाकून ठेवली तर खालच्या भज्यांची वाफ वरच्या भज्यांना लागते आणि कुरकुरीतपणा काही मिनिटांत जातो. पावसाळी हवेतील ओलही त्याला हातभार लावते. ज्या ऋतूत भजी सर्वाधिक खाल्ली जातात, त्याच ऋतूत ती सर्वांत कमी वेळ कुरकुरीत राहतात. कढईतून थेट ताटलीत वाढण्याची पद्धत या हवेला साजेशी आहे. गाड्यांवर व उपाहारगृहांत भजी आधी अर्धवट तळून ठेवतात आणि मागणी येताच कडक तेलात पुन्हा तळतात. दुसऱ्या तळणीत उरलेली ओल निघून जाते, त्यामुळे अशी भजी घरच्यापेक्षा अधिक कडक लागतात.

कढई निम्म्याहून अधिक तेलाने भरणे धोक्याचे असते, कारण ओले मिश्रण पडताच तेल फसफसून वर येते. तेलाने पेट घेतल्यास गॅस बंद करून कढईवर सपाट झाकण ठेवतात. त्यावर पाणी टाकल्यास पेटते तेल उसळून आग पसरते.

गोल भजी

गोल भजीसाठी कांदा बारीक चिरून बेसन, मसाले, चिमूटभर सोडा आणि पाणी यांच्या दाटसर मिश्रणात कालवतात व हाताने किंवा चमच्याने छोटे गोळे तेलात सोडतात. पीठ चमच्यातून सावकाश पडेल इतपत दाट असावे लागते. ही भजी मध्यम आचेवरच तळतात, अन्यथा मध्यभागी पीठ कच्चे राहते. पावात घालण्यासाठी ती सोयीची असतात. वडापावच्या गाड्यांवर भजीपावही मिळतो, आणि कढईत सुटलेल्या पिठाच्या कणांचा चुरा लसणाच्या चटणीत मिसळला जातो. कांद्याच्या गोल चकत्या बटाट्याच्या कापांप्रमाणे पिठात बुडवूनही तळतात. त्यांना चकत्यांची भजी म्हणता येईल, पण हा प्रकार तुलनेने कमी आढळतो.

सोबतच्या चटण्या

भज्यांबरोबर आंबट व तिखट चटणी देण्यामागे चवीचा हिशेब आहे. आंबटपणाने तळणाचा तेलकटपणा कमी जाणवतो. सर्वांत जास्त प्रचलित हिरव्या चटणीसाठी कोथिंबिरीची एक छोटी जुडी कोवळ्या देठांसह, तीन-चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन लसूण पाकळ्या, अर्धे लिंबू, अर्धा चमचा साखर व मीठ एकत्र वाटतात. पाणी अगदी कमी घालतात. वाटताना त्यात चमचाभर भाजलेली डाळ म्हणजे डाळवे घातल्यास चटणी दाट होते आणि तिला पाणी सुटत नाही. लिंबाचा रस शेवटी घातल्यास हिरवा रंग अधिक काळ टिकतो.

चिंच-गुळाच्या चटणीसाठी लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढतात. त्यात तिच्या दुप्पट गूळ, तिखट, जिरेपूड व मीठ घालून दोन-तीन उकळ्या आणतात. घट्ट, फार आंबट नसलेल्या दह्यात पुदिना, हिरवी मिरची व सैंधव घालून केलेली चटणी शहरी घरांत अलीकडे अधिक दिसते. दही कपड्यात बांधून अर्धा तास टांगल्यास ती भज्यावर नीट चिकटते. याखेरीज सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि मधोमध चीर देऊन तळलेल्या, मीठ भुरभुरलेल्या हिरव्या मिरच्या या कोरड्या जोडण्या आहेत. ओली चटणी भज्यांवर ओतत नाहीत. वेगळ्या वाटीत देऊन खाताना बुडवतात. एकदा चटणी लागलेले भजे पुन्हा कुरकुरीत होत नाही.

तेल आणि आरोग्य

कांदा भजी हा तळलेला, उष्मांकाने जड पदार्थ आहे. तथापि त्याबाबतची खरी चिंता भज्यांपेक्षा तेलाची असते. एकच तेल वारंवार तापवल्यास ते घट्ट व काळपट होते, त्याला लवकर धूर येतो आणि त्यात ध्रुवीय संयुगे साचतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. भजीच्या कढईत तेल इतर तळणांच्या मानाने लवकर खराब होते, कारण सुटलेले बेसनाचे कण तळाशी जळत राहतात व कांद्यातील पाण्याने तेलाचे विघटन वाढते. घरात प्रत्येक घाण्यानंतर हे कण झाऱ्याने काढणे, उरलेले तेल थंड झाल्यावर गाळणे आणि ते पुन्हा तळणाला न वापरता काही दिवसांत फोडणीत संपवणे ही जुनी रीत या दृष्टीने योग्य आहे. तेल सुरुवातीपासूनच बेताचे घेतल्यास उरण्याचा प्रश्न कमी होतो.

पिष्टमय पदार्थ उच्च तापमानात तांबूस होताना अ‍ॅक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्यही तयार होते. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी अन्नातील त्याच्या अस्तित्वाकडे प्रथम लक्ष वेधले. रंग जितका गडद तितके त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून भजी सोनेरी-तांबूस रंगावरच काढणे श्रेयस्कर असते. रस्त्यावर भजी वर्तमानपत्राच्या कागदात देण्याची जुनी सवय होती. छपाईच्या शाईतील घटक गरम व तेलकट पदार्थात उतरत असल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली आहे, तरी अनेक ठिकाणी हा कागद अजूनही दिसतो.

इतर देशांतील रूपे

ब्रिटनमधील भारतीय व बांगलादेशी उपाहारगृहांत कांदा भजी जेवणाच्या सुरुवातीला पुदिन्याच्या दह्याबरोबर वाढतात. तेथील भजे आकाराने मोठे व गोल असते आणि त्यात ओव्याऐवजी जिरे व धणे अधिक असतात. तेथे थंड कांदा भजी घातलेले तयार सँडविचही विकले जाते. महाराष्ट्रातील खवय्याला थंड भज्याची ही कल्पना विचित्र वाटेल.

अमेरिकेत लोकप्रिय असलेले अनियन रिंग्ज हे कांद्याचे तळण दिसायला जवळचे, पण रीतीने वेगळे आहे. जॉन मोलार्ड या इंग्रज आचाऱ्याच्या १८०२ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात कांद्याच्या चकत्या साय, मैदा व पार्मेझान चीज यांच्या मिश्रणात बुडवून चरबीत तळण्याची आणि वितळलेले लोणी व मोहरी यांच्या सॉसबरोबर वाढण्याची कृती आढळते. आजच्या रिंग्जसाठी मोठा कांदा आडवा, सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा कापून कडी सुटी करतात. कड्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून टाकतात, अन्यथा मैद्याचे आवरण कांद्याला धरत नाही आणि पहिल्याच घासाला कांदा आवरणातून निसटून बाहेर येतो. कडी कोरड्या मैद्यात घोळवून मग मैदा, कॉर्नफ्लोअर व थंडगार सोडावॉटर यांच्या मिश्रणात बुडवतात आणि वरून ब्रेडचा चुरा लावून तळतात. थंड पाण्याने मैद्यातील ग्लूटेन कमी तयार होते, तर सोडावॉटरच्या बुडबुड्यांनी आवरण हलके होते.

रिंग्जमध्ये कांद्याचे पाणी जाड आवरणाच्या आत कोंडून ठेवलेले असते व कांदा वाफेवर शिजतो. खेकडा भजीत तेच पाणी आधी पिठाला देऊन नंतर तेलात उडवून लावले जाते. म्हणून रिंग्ज बाहेरून कुरकुरीत व आतून मऊ लागतात, तर खेकडा भजीतील कांद्याची टोके स्वतःच कुरकुरीत होतात. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत आता दोन्ही पदार्थ मिळतात, आणि घरी रिंग्ज करताना मैद्याऐवजी बेसन व तांदळाचे पीठ वापरल्यास त्यांची वाटचाल पुन्हा चकत्यांच्या भजीकडे होते.